स्वयंप्रकाशन आणि समीक्षेची पळवाट

१

मराठी वाङ्मयव्यवहारात ‘स्वयंप्रकाशन’ हा शब्द सध्या दोन परस्परविरुद्ध सुरांत उच्चारला जातो. पहिला सूर उत्साहाचा आहे. मागणीनुसार छपाईचे तंत्र आले, ई-पुस्तक आले, २००७ साली अ‍ॅमेझॉनने लेखकाला आपले पुस्तक थेट विक्रीस ठेवण्याची सोय करून दिली. तेव्हा प्रकाशकाची मक्तेदारी संपली आणि लेखन लोकशाहीच्या कक्षेत आले, असे या पक्षाचे म्हणणे. दुसरा सूर तुच्छतेचा आहे. ज्याचे पुस्तक कोणी काढत नाही तो ते स्वतः काढतो, आणि ज्याचे पुस्तक कोणी काढत नाही त्याच्या पुस्तकात काही नसतेच, असा या पक्षाचा न्याय. विद्यापीठीय वर्तुळात हा दुसरा सूर अधिक आढळतो. तो उघडपणे क्वचितच ऐकू येतो. संदर्भसूचीतील गैरहजेरीच्या रूपाने मात्र तो सर्वत्र असतो.

वरवर पाहता हे दोन पक्ष एकमेकांचे शत्रू वाटतात. वस्तुतः दोघांचे गृहीतक एकच आहे. प्रकाशक म्हणजे दारावरचा पहारेकरी आणि प्रकाशन म्हणजे त्याने दिलेला प्रवेश, असे दोघेही मानतात. पहारेकरी हटला याचा एकाला आनंद होतो, दुसऱ्याला विषाद. आत गेलेल्या पुस्तकाचे पुढे काय होते, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. तो न पडण्यात सर्वांत मोठी सोय झाली आहे ती समीक्षेची. प्रकाशनसंस्थेचे नाव पाहूनच पुस्तक वाचायचे की नाही हे ठरवता आले, म्हणजे समीक्षकाचे निम्मे श्रम टळतात. स्वयंप्रकाशनाचा म्हणून जो वाद घातला जातो, त्याच्या मुळाशी मराठी समीक्षेची ही पळवाट आहे. ती उघड केल्यावाचून ‘पर्याय’ या शब्दाला अर्थ प्राप्त होणे शक्य नाही.

या प्रश्नाची कसोटी मुंबई-पुण्यापेक्षा बजाजनगरसारख्या ठिकाणी अधिक नीट लागते. वाळूजच्या औद्योगिक क्षेत्रात १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वसाहत वाढत गेली. मराठवाड्यातील आणि त्याबाहेरील खेड्यांतून आलेले कामगार, त्यांच्या मुलांना शिकविणारे शिक्षक, दुकानदार, लहान ठेकेदार अशांची ही वस्ती. वस्तीने शहर, पण दप्तरी वडगाव कोल्हाटी या गावाच्या पंचायतीत मोडणारी. पाळीच्या कामातून वेळ काढून कविता लिहिणारा कामगार, किंवा आपल्या गावाची आणि स्थलांतराची हकीकत वहीत उतरविणारा शिक्षक, अशा वस्तीत असणे स्वाभाविकच आहे. त्याची ओळख संपादकाशी नसते, प्राध्यापकाशी नसते, पुरस्काराच्या समितीशी तर नसतेच. त्याच्या वहीचे पुस्तक कसे व्हावे, आणि झाल्यावर ते कोणी वाचावे? स्वयंप्रकाशनावर बोलणाऱ्याने या दोन प्रश्नांना एकत्र उत्तर दिले पाहिजे. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सोडून देणारे पुष्कळ आहेत.

२

प्रथम संज्ञांचा घोळ दूर करावयास हवा. मुद्रण आणि प्रकाशन या दोन भिन्न क्रिया आहेत. मुद्रण ही वस्तू निर्माण करण्याची क्रिया. प्रकाशन ही ती वस्तू एका संबंधात आणून ठेवण्याची क्रिया. रॉबर्ट डार्न्टन यांनी १९८२ साली ग्रंथेतिहासाची मांडणी करताना लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता आणि वाचक असे एक वर्तुळ कल्पिले. त्या मांडणीतील महत्त्वाची गोष्ट अशी, की वाचक तेथे शेवटचे टोक म्हणून येत नाही. त्याच्याकडून वर्तुळ पुन्हा लेखकाकडे वळते. वाचकाचा प्रतिसाद लेखकापर्यंत पोचला नाही तर ते वर्तुळ राहत नाही, एक तुटकी रेषा राहते.

या दृष्टीने पाहिल्यास कोणत्याही पुस्तकाविषयी तीन प्रश्न विचारता येतात. पैसा कोणाचा? छापण्यापूर्वी ते कोणी वाचले? छापल्यानंतर त्याला उत्तर कोणी दिले? ‘स्वयंप्रकाशन’ ही संज्ञा यांपैकी केवळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. तेही धड देत नाही. मराठीत कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर प्रकाशकाचे नाव आणि कागद-छपाईचा खर्च मात्र कवीचा, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. कवीने पैसे द्यावेत, शंभर-दोनशे प्रती स्वतः उचलाव्यात, उरलेल्यांचा हिशेब विचारू नये, हा व्यवहार कित्येक दशके चालत आला आहे. अशा पुस्तकाला कोणी स्वयंप्रकाशित म्हणत नाही, कारण त्यावर संस्थेची मुद्रा असते. म्हणजे भेद पैशाचा नाही. तो मुद्रेचा आहे.

आणि मुद्रा म्हणजे काय? पिएर बुर्दिओच्या परिभाषेत सांगायचे तर ते प्रतीकात्मक भांडवल आहे. एके काळी कोणीतरी हस्तलिखित वाचले, पारखले, नाकारले, दुरुस्त करवून घेतले. त्या श्रमातून ते साठले. पुढे श्रम थांबले आणि व्याज चालू राहिले. आज त्या व्याजावर प्रकाशक जसा जगतो तसा समीक्षकही जगतो.

३

स्वखर्चाने पुस्तक काढणे हे पराभवाचे लक्षण आहे असे मानणाऱ्यांनी मराठी गद्याचा इतिहास पुन्हा एकदा वाचावा. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठीच असलेली एक प्रतिष्ठित परीक्षकसंस्था, तिचे विद्वान सभासद आणि त्यांच्या निर्णयामुळे सव्वाशे वर्षे अंधारात राहिलेली एक संहिता: ‘पहारेकऱ्या’च्या गुणवत्तेवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. फुल्यांनी त्यानंतर वाट पाहिली नाही. १८६९ चा शिवाजीराजांचा पोवाडा, १८७३ ची ‘गुलामगिरी’ ही पुस्तके प्रतिष्ठितांच्या संमतीवाचून बाहेर आली.

तथापि फुल्यांचे उदाहरण उत्साही पक्षालाही पुरते सोयीचे नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ साली पूर्ण झाला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त छापून आली आणि पुढील छपाई थांबली. ‘दीनबंधु’ हे काही परक्यांचे पत्र नव्हते. सत्यशोधक चळवळीतून १८७७ साली निघालेले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालविलेले ते आपल्याच माणसांचे साधन होते. साधन आपल्या हाती आले म्हणजे सर्व काही छापले जाईल, ही समजूत येथे फोल ठरते. पुढे १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. ज्या वाङ्मयाला शासकीय कमिटीने एकदा दार बंद केले होते, त्याच्याकरिता दुसऱ्या शासकीय संस्थेने ते उघडले. या दोहोंच्या मधल्या काळात ते जिवंत राहिले ते सत्यशोधक समाजाने निर्माण केलेल्या वाचकांमुळे. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण फुल्यांनी नाकारले, त्याचेही मर्म हेच. ग्रंथकार कोण हे ठरविणारी सभा आणि ग्रंथ ज्यांच्यासाठी आहे तो समाज यांच्यातील अंतर त्यांनी नेमके ओळखले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९३६ चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे तर स्वयंप्रकाशनाचे आदर्श उदाहरण म्हणता येईल. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातील काही भाग गाळावा असा आग्रह धरला. आंबेडकरांनी तो मानला नाही, परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने १५०० प्रती छापून मुंबईत प्रसिद्ध केले. किंमत आठ आणे. येथवरची हकीकत सर्वजण सांगतात. पुढची तितकीच महत्त्वाची आहे. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्या पुस्तकाची दखल घेतली, किंमत कमी करावी असेही सुचविले, आणि त्यातील विचारांचा प्रतिवाद केला. आंबेडकरांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचा तो प्रतिवाद आणि त्यास आपले उत्तर अशी दोन्ही छापली. लेखकाने स्वतः काढलेल्या पुस्तकाला त्या काळातील सर्वांत मोठ्या विरोधकाने वाचले, उत्तर दिले आणि लेखकाने ते उत्तर आपल्याच पुस्तकात बांधून घेतले. डार्न्टन यांचे वर्तुळ येथे पूर्ण होते. या पुस्तकावर कोणत्या प्रकाशनसंस्थेचे नाव आहे असे गांधीजींनी विचारले नाही. आजच्या समीक्षकाने तो प्रश्न प्रथम विचारला असता.

४

ज्या शहराच्या कडेला बजाजनगर वसले आहे त्या औरंगाबादला या प्रकारच्या प्रकाशनाची स्वतःची परंपरा आहे, आणि तिचा विसर त्याच शहराच्या विद्याव्यवहाराला पडावा हे खेदजनक आहे. साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या चळवळीत भालचंद्र नेमाडे यांच्या नावाशी निगडित ‘वाचा’चे स्थान सर्वांना ठाऊक आहे. ‘वाचा प्रकाशना’ने औरंगाबादहून काढलेल्या पुस्तिकांपैकी नेमाडे यांचा ‘मेलडी’ (१९७०) हा एक संग्रह. ‘कोसला’ (१९६३) देशमुख आणि कंपनीसारख्या मातब्बर प्रकाशनाकडून येऊन गेलेली. म्हणजे या कवीला प्रकाशक मिळत नव्हता असे म्हणण्याची सोय नाही. तरीही कविता मित्रांच्या प्रकाशनाकडे आली. येथे स्वयंप्रकाशन ही निवड होती. नाइलाजाची त्यात कोणतीही छटा नव्हती.

मुंबईत अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आणि २००३ साली ‘भिजकी वही’ काढली; तिला २००५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी हयात नव्हता. कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ साली ‘क्लिअरिंग हाउस’ या कवींनीच स्थापन केलेल्या संस्थेने छापली आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार लाभला. मुखपृष्ठ, अक्षररचना, कागद या सर्व गोष्टींवर कवींचाच ताबा होता. पण ताब्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही, की छापण्यापूर्वी त्या कविता अशा माणसांनी वाचलेल्या होत्या ज्यांना त्या नाकारण्याचा अधिकार होता आणि ज्यांच्या नकाराची कवीला किंमत होती.

यावर एक आक्षेप संभवतो. लघुअनियतकालिकांचे हे वर्तुळ शेवटी थोड्या, सुशिक्षित आणि बहुधा महानगरी तरुणांचे होते. त्याने एका प्रस्थापिताच्या जागी दुसरे प्रस्थापित आणले. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याचे उत्तरही औरंगाबादेतच मिळते. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ साली ‘अस्मिता’ सुरू केले. पुढच्या वर्षी ते ‘अस्मितादर्श’ झाले. आंबेडकरांनी १९५० साली स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात ज्या पिढीला प्रथमच उच्च शिक्षण मिळाले, तिला या त्रैमासिकाने लिहिते केले. मोठे भांडवल नाही, नामांकित मुद्रा नाही, आणि तरीही दलित साहित्याची मांडणी, त्यावरचे वाद, त्याची समीक्षा यांचा केवढा तरी भाग या पानांतून घडला. २०१८ साली पानतावणे गेले तोवर पाच दशके हे काम चालले. ‘अस्मितादर्श’ने केवळ लेख छापले नाहीत. मेळावे भरविले, लेखक आणि वाचक यांना समोरासमोर बसविले, नवख्या कवीची कविता परत पाठविताना ती का परत येते हे त्याला कळेल असे वातावरण निर्माण केले. पर्यायी प्रकाशन म्हणतात ते हे. छपाईचा खर्च हा त्यातील सर्वांत लहान भाग होता.

५

प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराचे जे श्रेय आहे ते नाकारण्याचे कारण नाही. रा. ज. देशमुख यांनी तरुण नेमाड्यांच्या पाठीस लागून ‘कोसला’ लिहवून घेतली नसती, तर मराठी कादंबरीचा इतिहास काही वेगळा लिहावा लागला असता. श्री. पु. भागवत यांनी ‘सत्यकथा’ आणि ‘मौज’च्या द्वारा हस्तलिखित वाचण्याची जी शिस्त घालून दिली, ती शिस्त म्हणजेच संपादन, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागते. संपादक हा लेखकाचा पहिला वैरी आणि पहिला वाचक असतो. स्वयंप्रकाशनाच्या उत्साहात या पहिल्या वाचकाचा बळी जातो, ही टीका रास्त आहे.

पण टीका रास्त असली तरी तिचा पत्ता चुकला आहे. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. त्यानंतर संपादनाची ती शिस्त किती प्रकाशनसंस्थांत उरली? हस्तलिखित शब्दशः वाचणारा, लेखकाला चार पानी पत्र लिहिणारा संपादक आता बहुतेक ठिकाणी पगारी नोकरांच्या यादीत सापडत नाही. प्रूफे लेखकच तपासतो. मलपृष्ठावरील मजकूरही बरेचदा लेखकच लिहितो किंवा मित्राकडून लिहवून घेतो. म्हणजे ज्या गुणासाठी प्रस्थापित प्रकाशनाला स्वयंप्रकाशनाहून वरचे स्थान द्यायचे, तो गुण तेथेही क्षीण झाला आहे. राहिले ते नाव. शिवाय ती शिस्त जेव्हा जोमात होती तेव्हाही तिची अभिरुची विशिष्ट वर्गाच्या भाषेवर पोसलेली होती, आणि तिच्या चाळणीतून काय काय गळून पडले याची यादी साठोत्तरी पिढीने केव्हाच देऊन ठेवली आहे.

६

आता पुन्हा बजाजनगरकडे वळावे. तेथील कामगार-कवीसमोर आज काय काय आहे? त्याला छपाई सुलभ आहे, हे निर्विवाद. लग्नपत्रिका आणि हँडबिले छापणाऱ्या दुकानात डीटीपी होते. प्रती कमी काढल्या तरी चालते. दूरच्या शहरातून ‘पॅकेज’ विकणारी मंडळी फोनवर उपलब्ध आहेत. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन, प्रकाशन समारंभ, जमल्यास एखादे सन्मानपत्र. सर्वांचे दर ठरलेले. या व्यवहारात लेखक हा लेखक राहत नाही, गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाला नकार देण्याचे कारण विक्रेत्याला नसते. त्यामुळे हस्तलिखितातील कच्ची ओळ तशीच राहते, आणि पक्की ओळ कोणती हेही लेखकाला कळत नाही. त्याची फसवणूक होते ती केवळ पैशाची नव्हे. आपण वाचले गेलो असा भास त्याला विकला जातो.

यातील आयएसबीएनची गोष्ट विशेष उद्‌बोधक आहे. हा क्रमांक भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. लेखक स्वतः प्रकाशक असला तरी मिळतो. तो पुस्तकाची ओळख पटविणारा क्रमांक आहे, पुस्तकाच्या गुणवत्तेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरीही तो पैसे मोजून घ्यावयाची प्रतिष्ठा म्हणून विकला जातो, कारण त्याला प्रतिष्ठा कोणीतरी बहाल केली आहे. ती कोणी केली, हे पुढे पाहावयाचे आहे.

पुस्तक छापून झाल्यावर ते जाते कोठे? १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये प्रकाशकाने, म्हणजे स्वयंप्रकाशित लेखकानेही, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर तीन ग्रंथालयांना प्रत पाठविणे बंधनकारक आहे. बजाजनगरच्या कवीला हे सांगणारा कोणी नसतो. पॅकेजमध्ये ही सेवा अंतर्भूत नसते. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याखाली प्रांतोप्रांती पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या निघत. त्यांत मुद्रक, किंमत, प्रतींची संख्या अशा नोंदी असत. वासाहतिक सत्तेने त्या देखरेखीसाठी ठेवल्या हे खरे, पण ग्रंथेतिहासाला त्यांचा आधार झाला. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले, ५०० प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे होती, हे आज सांगता येते. आणि १९७५ साली स. गं. मालशे यांना त्याचे पुनर्मुद्रण करता आले, कारण प्रत टिकली होती. २०२३ च्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्याने १८६७ चा कायदा रद्द केला आणि पुस्तके आपल्या कक्षेतून वगळली. देखरेख गेली याचा आनंद मानावा. परंतु तिच्याबरोबर नोंदही गेली. बुलढाण्याच्या ताराबाईंना नव्वद वर्षांनी का होईना संशोधक मिळाला. आज वाळूज परिसरात एखादे तसे पुस्तक छापले गेले, तर नव्वद वर्षांनी त्याची प्रत कोणत्या कपाटात सापडावी?

सार्वजनिक ग्रंथालये हे दुसरे ठिकाण. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात हजारो ग्रंथालये शासकीय अनुदानावर उभी राहिली. ती पुस्तके घेतात ती यादी आणि सवलत पाहून. एका लेखकाच्या एका पुस्तकाला वितरक नसतो, त्यामुळे ते यादीत नसते आणि म्हणून कपाटातही नसते. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्यात हस्तलिखित निदान तज्ज्ञाकडून वाचले जाते, हा तिचा मोठा गुण. परंतु छापून झालेल्या पुस्तकाच्या वाचनाची जबाबदारी कोणतीही योजना घेऊ शकत नाही. ती ज्यांनी घ्यावयाची ते विद्यापीठांत बसलेले आहेत.

७

आणि येथेच या वादातील सर्वांत मोठे ढोंग उघडे पडते. मराठीत स्वखर्चाने पुस्तके काढणारा सर्वांत संघटित वर्ग कामगार-कवींचा नाही, प्राध्यापकांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला ५० गुण, राष्ट्रीय पातळीवरील प्रकाशकाच्या ग्रंथाला २५, स्थानिक प्रकाशकाच्या ग्रंथाला १५, आयएसबीएन हवाच. २०१८ च्या नियमावलीत आकडे बदलले, प्रकाशकाच्या प्रकारावरून ग्रंथ मोजण्याचे तत्त्व राहिले. परिणाम असा, की पीएच. डी.चे प्रबंध जसेच्या तसे, कधी प्रकरणांची शीर्षकेही न बदलता, पैसे भरून छापले गेले. परिसंवादांतील निबंधांचे गठ्ठे संपादित ग्रंथ म्हणून निघाले. आयएसबीएन या क्रमांकाला बाजारात किंमत आली ती या मागणीमुळे. बजाजनगरच्या कवीला जो दलाल आज पॅकेज विकतो, त्याचा धंदा विद्यापीठांच्या आवारात वाढलेला आहे.

या तक्त्याचा वाङ्मयीन अर्थ तपासून पाहण्याजोगा आहे. नेमाड्यांचे ‘टीकास्वयंवर’ १९९० साली औरंगाबादच्या साकेत प्रकाशनाने काढले. १९९१ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी समीक्षेला गेल्या अर्धशतकात सर्वाधिक डिवचणाऱ्या ग्रंथांपैकी हा एक. आयोगाच्या तक्त्यात त्याच्या प्रकाशकाला ‘राष्ट्रीय’ म्हणायचे की ‘स्थानिक’ यावर एखाद्या छाननी समितीने वाद घातला असता, आणि पुस्तक उघडण्याची गरज दोन्ही बाजूंना पडली नसती. ‘प्रास’चे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. फुल्यांना आणि आंबेडकरांना गुण मिळण्याचा तर संभवच नाही.

स्वतः पैसे भरून छापलेला प्रबंध ज्या कपाटात ‘संदर्भग्रंथ’ म्हणून विराजमान होतो, त्याच कपाटात कामगाराचा स्वखर्चाने काढलेला संग्रह ‘स्वयंप्रकाशित’ म्हणून नाकारला जातो. दोन्ही पुस्तके छापण्यापूर्वी कोणी वाचलेली नसतात. दोहोंचा पैसा लेखकाचाच असतो. फरक इतकाच, की एकाला पगारवाढीचा उपयोग आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या स्थितीत ‘दर्जा’ हा शब्द उच्चारताना थोडा संकोच करावयास हवा.

८

सर्वच पुस्तके वाचायची काय, असा प्रश्न यावर हमखास येतो. निघणाऱ्या पुस्तकांची संख्या अफाट, वाचणाऱ्याचे आयुष्य अपुरे. तेव्हा चाळणी हवीच, आणि प्रकाशकाची मुद्रा ही निदान एक चाळणी आहे. युक्तिवाद व्यवहारी आहे, पण तो समीक्षेच्या तोंडी शोभत नाही. चाळणी लावणे हेच समीक्षेचे काम होय. ते काम दुसऱ्याने, आणि तेही व्यापारी गणिताने केलेले गृहीत धरायचे असेल, तर समीक्षेने आपल्या स्वायत्ततेविषयी बोलणे सोडून द्यावे. शिवाय येथे सर्व पुस्तकांची स्तुती करावी अशी मागणी नाही. बहुतेक स्वयंप्रकाशित पुस्तके सामान्य असणार, जशी बहुतेक प्रकाशित पुस्तके सामान्य असतात. मागणी आहे ती वाचून, कारणे देऊन, लिहून केलेल्या नकाराची. अशा नकाराने लेखक घडतो. मौनाने घडत नाही. मौनात दलाल वाढतो.

वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ स्वतः छापून काढले आणि निनावी राहून त्याची परीक्षणेही स्वतःच लिहिली, ही गोष्ट आज गमतीने सांगितली जाते. तिच्यातील दैन्याकडे दुर्लक्ष होते. स्वतःचे पुस्तक स्वतः छापणे कवीला शक्य होते. स्वतःचा वाचक स्वतः होणे शक्य नव्हते, आणि तो तसे होऊ पाहत होता. इमर्सनने पत्र लिहिले तेव्हा ती गरज अंशतः भागली. तंत्रज्ञानाने आज प्रत्येकाला व्हिटमनचे पहिले अर्धे सामर्थ्य दिले आहे. दुसरे अर्धे, म्हणजे उत्तर देणारा वाचक, कोणतेही यंत्र देऊ शकत नाही.

तेव्हा पर्याय उभा करावयाचा असेल तर तो छापखान्याच्या बाजूने उभा राहणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपापल्या परिसरात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत विकत घेऊन ठेवावी. खर्च एका चर्चासत्राच्या चहापाण्याहून अधिक होणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला ‘ग्रामीण जाणिवा’ आणि ‘स्त्रीप्रतिमा’ या चाकोरीतील विषय पुन्हा पुन्हा देण्याऐवजी वाळूज, बजाजनगर, चिकलठाणा येथील गेल्या चाळीस वर्षांतील मुद्रित लेखनाची सूची करण्यास सांगावे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली. एका माणसाला जे साधले त्याचा एक तालुक्यापुरता अंश एका विभागाला साधू नये असे नाही. वाङ्मयीन नियतकालिकांनी परीक्षणासाठी पुस्तक निवडताना प्रकाशकाचे नाव झाकून पहिली दहा पाने वाचावीत. आणि छाननी समित्यांवर बसणाऱ्या साहित्याच्या प्राध्यापकांनी, निदान आपल्या विषयापुरता, ग्रंथ उघडून गुण देण्याचा आग्रह धरावा. नियमावली आड येत असेल तर तसे लेखी नोंदवावे.

हे होईपर्यंत स्वयंप्रकाशनाची भलामण आणि त्याची हेटाळणी या दोन्ही गोष्टी समीक्षेने थांबविलेल्या बऱ्या. बजाजनगरच्या कवीने आपल्या पगारातून कागदाचे आणि शाईचे पैसे दिले आहेत. त्याच्या पुस्तकाला वाचक देण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडे येणे बाकी आहे.